अठरावे वर्ष उलटल्यावर : नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
नाशिक जिल्हा, यांस



जिल्हाधिकारी या पदाकडे ज्या अनेक समित्यांचे अध्यक्षपद येते, त्यांतली एक समिती अवघ्या तीन जणांची आहे. संसदेने १९९९ मध्ये केलेल्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या १३व्या कलमानुसार 'स्थानिक स्तर समिती' नेमली जाते. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा सनदी अधिकारी, या अधिनियमाने स्थापन केलेल्या न्यासाकडे नोंदणी झालेल्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघे तिच्यात असतात. आणि स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांपैकी एखादी अवस्था असलेल्या सज्ञान व्यक्तीचा कायदेशीर पालक कोण असावा, हे ठरवण्याचा अधिकार या तिघांना दिलेला आहे. एरवी ज्या कामासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली असती, ते काम जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या अर्जावर व्हावे, असा त्यामागचा हेतू होता. प्रस्तुत पत्रात या समितीला केंद्रस्थानी ठेवले आहे, कारण नाशिक जिल्ह्यातील या माणसांसाठी आज नवा कायदा हवा आहे असे म्हणण्यापेक्षा, असलेले कायदे एकत्र आणून राबवणारा अधिकारी हवा आहे असे म्हणणे अधिक खरे आहे, आणि तो अधिकारी कायद्याने केव्हाच नेमून ठेवलेला आहे.

विषय नेमका कोणाचा, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. मेंदूची वाढ होत असतानाच्या काळात ज्यांचे मूळ असते आणि ज्यांचे परिणाम पुढे जन्मभर सोबत राहतात, अशा अवस्थांना मिळून विकासात्मक दिव्यांगत्व म्हणतात. स्वमग्नता, जिला बहुतेक पालक आता ऑटिझम याच नावाने ओळखतात, ही त्यांतलीच एक अवस्था असून लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. अशा मुलाला बोलण्यातून, नजरेतून, हावभावांतून दुसऱ्याशी देवाणघेवाण करणे अवघड जाते. ठरलेला क्रम मोडला की ते अस्वस्थ होते. आवाज, उजेड, स्पर्श किंवा वास यांपैकी काही त्याला असह्य होते, तर काहींची त्याला विलक्षण ओढ असते. काही स्वमग्न माणसे पदवीधर होऊन नोकरी करतात आणि काहींना जन्मभर जेवण भरवावे लागते, त्यामुळे दोघांसाठी एकच योजना आखणे मुळातच चुकीचे ठरते. स्वमग्नता हा आजार नसल्यामुळे ती औषधाने बरी होत नाही. लवकर सुरू झालेले प्रशिक्षण, वाचोपचार, व्यवसायोपचार आणि समजून घेणारे वातावरण यांनी जगणे पुष्कळ सुकर होते, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. मूलपेशींच्या इंजेक्शनांनी ऑटिझम बरा करण्याची हमी देणाऱ्यांमागे कुटुंबांनी कर्ज काढून धाव घेतली, म्हणूनच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला डिसेंबर २०२२ मध्ये हा उपचार ऑटिझमसाठी करू नये असे स्पष्ट सांगावे लागले. जिल्ह्यात कोणी अशा जाहिराती करत असेल, तर त्यांच्यावर कारवाई करणे हेही शासनाचेच काम आहे.

भारतीय कायद्याने ही अवस्था ओळखायला बराच वेळ घेतला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार मोजले होते आणि त्यांत ऑटिझमचे नावही नव्हते. ते प्रथम आले १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात. संयुक्त राष्ट्रसंघाचा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने प्रकारांची संख्या एकवीस केली, ऑटिझमला स्वतंत्र स्थान दिले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दया, दान आणि कल्याण ही जुनी भाषा मागे टाकून हक्काची भाषा आणली. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला.

कायद्याच्या कितीतरी आधी नाशिकमध्ये काम सुरू झाले होते, याचा या शहराला अभिमान असायला हवा. रजनीताई लिमये या शिक्षिकेने १९७७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. स्वतःच्या घरातल्या मुलाच्या गरजेतून सुरू झालेले हे काम पुढे प्रबोधिनी ट्रस्ट या नावाने शहराला परिचित झाले आणि मुले मोठी होत गेली तसतशी शाळेला कर्मशाळेचीही जोड मिळाली. कर्मशाळा म्हणजे अठरा वर्षांपुढील दिव्यांगांना देखरेखीखाली काम शिकवणारी व करू देणारी जागा. प्रौढ मुलींच्या कायमच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पिंपळगाव बहुला येथील घरकुल परिवार संस्थेने तो अंगावर घेतला. या सगळ्या वाटचालीत एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की समाजाने केलेली प्रत्येक सोय मुलांच्या वाढत्या वयामागून धावत आली आहे. १९७७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज साठीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याचे आईवडील हयात असतील तर ते ऐंशीच्या पुढे आहेत. 'आमच्यानंतर याचं कोण?' हा प्रश्न विशेष मुलांच्या पालकांच्या प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र अजून कोणत्याही खात्याने आपली मानलेली नाही.

हा प्रश्न आईवडिलांच्या मृत्यूनंतर सुरू होतो, असा सर्वसाधारण समज असला तरी प्रत्यक्षात तो मुलाच्या अठराव्या वाढदिवशीच सुरू होतो. त्या दिवसापर्यंत आईवडील नैसर्गिक पालक असतात. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ते आपल्याच मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार गमावतात, मग ते मूल स्वतःचे नाव उच्चारू शकत असो वा नसो. विशेष शाळेची वयोमर्यादा संपते, बालरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या विभागाकडे पाठवतात आणि बँकेत अज्ञान म्हणून उघडलेले खाते पुढे चालवण्यासाठी खातेदाराची सही मागितली जाते. पेन कसे धरायचे हेच ज्याला उमगत नाही, अशा मुलाला काउंटरपुढे उभे करून आई त्याचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबते, तो ओल्या शाईच्या स्पर्शाने हात झटकतो, कागदावर फराटा उमटतो आणि पासबुक परत हातात पडते. वस्तुतः राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली दिलेले पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच दिलेल्या आहेत. पण ते प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते हे ना त्या आईला ठाऊक असते, ना पुष्कळदा काउंटरपलीकडच्या कर्मचाऱ्याला.

शेतकरी कुटुंबात हीच गोष्ट सातबाराच्या उताऱ्यावर घडते. वडील वारल्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद करून आईचे किंवा काकाचे नाव लागते आणि वारस सज्ञान झाला की ती नोंद कमी होते. ज्याला व्यवहार समजत नाही अशा तरुणाचा हिस्सा त्या क्षणापासून त्याच्या एकट्याच्या नावावर उघडा पडतो, आणि निफाड किंवा दिंडोरीसारख्या द्राक्षपट्ट्यात, जिथे एकरा-एकराला मोल आहे, तिथे एका हक्कसोडपत्रावर उमटवून घेतलेला अंगठा त्याला कायमचा भूमिहीन करू शकतो. महसूल यंत्रणेचा प्रमुख आणि स्थानिक स्तर समितीचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती असल्यामुळे हा धोका टाळणे जिल्हाधिकाऱ्यांइतके दुसऱ्या कोणालाही सोपे नाही: अ. पा. क. नोंद कमी करण्याचा अर्ज आला की संबंधित व्यक्तीला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे का, हे तलाठ्याने विचारावे आणि असल्यास प्रकरण समितीकडे पाठवावे, एवढी एक लेखी सूचना त्यासाठी पुरेशी आहे.

समिती म्हणजे केवळ प्रमाणपत्र देणारी खिडकी नव्हे, हेही येथे नमूद करायला हवे. अधिनियमानुसार तिने किमान दर तीन महिन्यांनी, किंवा गरजेनुसार, भेटायचे असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्षानंतर हिशेब सादर करायचा असतो. पालक दुर्लक्ष करतो किंवा मालमत्तेचा गैरवापर करतो अशी तक्रार आली, तर चौकशीअंती त्याला दूर करता येते. नेमणुकीनंतरचे हे सारे काम पालक नेमण्याइतकेच मोलाचे आहे, कारण नेमलेल्या पालकाकडे कोणी पुन्हा पाहिलेच नाही, तर कायद्याने दिलेले संरक्षण हेच शोषणाचे साधन होऊ शकते. समितीच्या बैठकीची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी, मालेगाव व कळवण येथेही बैठका घ्याव्यात, प्रलंबित आणि निकाली अर्जांची संख्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवावी आणि हिशेब न देणाऱ्या पालकांना नोटिसा जाव्यात, ही या पत्रातील पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

या मागणीला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे, अन्यथा ती अर्धवट आणि काहीशी धोकादायकही ठरेल. १९९९ च्या अधिनियमातील पालकत्व व्यापक आहे, तर २०१६ च्या अधिनियमाचे १३वे कलम दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे असे मानते आणि १४व्या कलमात 'मर्यादित पालकत्व' ही कल्पना मांडते. त्यात पालक आणि दिव्यांग व्यक्ती परस्परांच्या समजुतीने व विश्वासाने मिळून निर्णय घेतात आणि हे पालकत्व ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असते. दोन्ही कायदे आज एकाच वेळी अमलात आहेत. एकाने 'तुझ्यासाठी निर्णय घेऊ' म्हणावे आणि दुसऱ्याने 'तुझ्याबरोबर निर्णय घेऊ' म्हणावे, असा हा पेच आहे, आणि तो संसदेने सोडवेपर्यंत जिल्ह्यातल्या समितीने आपल्या विवेकाने चालावे लागेल. न बोलणारी व्यक्तीही चित्रांच्या पाटीवर बोट ठेवून, टॅबलेटवर टंकून किंवा नुसते उठून निघून जाऊन आपली पसंती-नापसंती सांगत असते. म्हणून पालक नेमताना त्या व्यक्तीला समितीपुढे, शक्य तर तिच्या घरी किंवा शाळेत जाऊन, प्रत्यक्ष भेटावे, आदेशात बँक, निवृत्तिवेतन, उपचार, मालमत्ता यांपैकी नेमकी कोणती कामे पालकाकडे सोपवली ते लिहावे, आणि जी कामे ती व्यक्ती स्वतः करू शकते ती तिच्याकडेच ठेवावीत. ज्याला स्वतःचा शर्ट निवडता येतो, त्याचा तेवढाही अधिकार कागदावरच्या एका व्यापक शब्दाने हिरावला जाऊ नये.

दुसरा विषय मोजणीचा आहे. जिल्ह्यात स्वमग्न व्यक्ती किती, याचा विश्वासार्ह आकडा मिळणे कठीण, कारण २०११ च्या जनगणनेने दिव्यांगत्वाचे जे आठ प्रकार विचारले त्यांत ऑटिझमची वेगळी नोंद नव्हती. जागतिक आरोग्य संघटना काही वर्षे शंभर मुलांमागे एक असे प्रमाण सांगत आली. भारतातील पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी संबंधित नऊ अवस्थांपैकी किमान एक असण्याचे प्रमाण ठिकाणागणिक ६.५ ते १८.५ टक्के इतके आढळले. २०११ मध्ये नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. त्यात मुले वीस लाखांच्या घरात धरली आणि शंभरात एक हे प्रमाण लावले, तरी केवळ स्वमग्न मुलेच वीस हजारांच्या आसपास भरतात. हा केवळ अंदाज आहे, परंतु त्याच्यासमोर प्रत्यक्ष प्रमाणपत्रे किती दिली गेली हा आकडा ठेवून पाहिला, तर यंत्रणेपासून दूर राहिलेली मुले किती, याची कल्पना जिल्हाधिकाऱ्यांना एका बैठकीत येईल. २०२७ च्या जनगणनेत प्रगणकांना एकवीसही प्रकारांची ओळख करून देण्याचे प्रशिक्षण जिल्हा पातळीवर देता येते, आणि ते द्यावे.

प्रमाणपत्राची वाट मात्र सोपी नाही. ऑटिझमचे मोजमाप 'स्वमग्नता मूल्यांकनाची भारतीय श्रेणी' या साधनाने होते. सहा गटांतल्या चाळीस बाबींना प्रत्येकी एक ते पाच गुण देऊन बेरीज केली जाते, आणि ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यावरील गुण तीव्र स्वमग्नता दाखवतात. डोळ्याला डोळा भिडवणे, नावाला प्रतिसाद देणे, तेच ते शब्द पुन्हा उच्चारणे, धोक्याची जाणीव नसणे अशा या बाबी पाहायला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाला मुलाबरोबर निवांत वेळ घालवावा लागतो आणि पालकांशी बोलावे लागते. सुरगाण्याहून सुमारे नव्वद किलोमीटर एसटीने आलेले मूल कर्कश हॉर्न आणि गर्दी सोसून जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत पोहोचते, तेव्हा ते कानांवर हात दाबून जमिनीवर बसलेले असते. त्या घटकेला घेतलेले गुण त्या मुलाचे असतात की त्या प्रवासाचे, हे सांगणे अवघड होते. त्यातच घरी कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला गेला, तर न कळण्याचे कारण भाषा की अवस्था हेही कळत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांसाठी तज्ज्ञांचे पथक ठरावीक दिवशी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत जावे, आधी वेळ देऊन मुलांना बोलवावे आणि बोली जाणणारी आशा किंवा अंगणवाडी सेविका सोबत असावी. लहान वयात मिळालेला दाखला अनेकदा तात्पुरता असतो आणि पुन्हा तपासणी करावी लागते, हे लक्षात घेतले तर हा त्रास एका कुटुंबाला एकदाच होत नाही.

लवकर निदानाची यंत्रणा कागदावर पुरेशी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित असून विकासातील विलंब आणि ऑटिझम हे त्यात समाविष्ट आहेत. गरज आहे ती तपासणीत संशयित ठरलेल्या मुलाचे पुढे काय झाले याचा माग ठेवण्याची. शाळांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण मान्य केले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करण्याचे पुन्हा बजावले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, म्हणजे दहा-बारा शाळांच्या एका केंद्राला सरासरी एक. तो एक शिक्षक कोणत्या शाळेत कोणत्या वारी येणार, हे निदान पालकांना ठाऊक असावे.

पैशांचा मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. राज्यातील महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि नाशिक जिल्ह्यात तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. हा निधी वर्षअखेरीस सर्वांना सारख्या रकमेत किंवा वस्तूंत वाटून संपवण्याकडे कल असतो, तेव्हा हातापायाने धडधाकट दिसणाऱ्या स्वमग्न मुलाच्या गरजेची वस्तू त्यात क्वचितच असते. त्याला हवा असतो आठवड्यातून दोनदा वाचोपचार आणि आईला हवी असते चार तासांची उसंत. पाच-सहा ग्रामपंचायतींनी निधी एकत्र करून एका उपचारकाचे मानधन आणि एका खोलीचे भाडे दिले, तर हे शक्य आहे. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येऊ नये म्हणून जिल्हा पातळीवरून स्पष्ट सूचना हवी आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला पूरक तरतूद सुचवावी. २०१६ च्या अधिनियमाच्या २४व्या कलमात अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळ 'आश्वासकिरणम्' योजनेतून घरी सांभाळ करणाऱ्यांना दरमहा मदत देते; महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजारांवर नेले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, परंतु मुलासाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या आईच्या श्रमाची त्यात मोजदाद नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला संरक्षण देते आणि तिच्यात उपचारपद्धतींचाही समावेश आहे. प्रमाणपत्र देतानाच तिचा अर्ज भरून घेतला, तर कुटुंबाची एक फेरी वाचेल.

रोजगाराविषयी थोडक्यात. २०१६ च्या अधिनियमाच्या ३४व्या कलमातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये, शासकीय अभिलेखांच्या संगणकीकरणात क्रमवार आणि काटेकोर असे पुष्कळ काम असते. तेथे शांत कोपरा, चित्रांतून दिलेल्या सूचना आणि पहिले काही महिने सोबत राहणारा मार्गदर्शक एवढी सोय झाली, तर कर्मशाळेतल्या अनेकांना ते करता येईल.

सर्वांत तातडीचा विषय सिंहस्थ कुंभमेळ्याचा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण होऊन ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे मुख्य स्नाने होतील आणि त्या दिवसांत गोदाकाठी लाखोंची गर्दी असेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला, हे नाशिककर विसरलेले नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे ८वे कलम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर, म्हणजे पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांवर, जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवण्याची आणि त्यांना धोक्याची माहिती त्यांच्या सोयीच्या पद्धतीने देण्याची जबाबदारी टाकते. गोंगाटाने घाबरून हात सोडून पळणे आणि पाण्याकडे ओढ असणे, या दोन्ही गोष्टी अनेक स्वमग्न मुलांत आढळतात. नदीकाठच्या गर्दीत त्यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. हरवलेल्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची आपल्या यात्रांतली पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण ज्याचे नाव पुकारले जात आहे तो उत्तर देत नाही आणि ज्याला सापडला आहे त्याला तो आपले नाव सांगू शकत नाही. पोलिसांनी हटकल्यावर न थांबणारा, नजर न देणारा, हात फडफडवणारा तरुण संशयित किंवा नशेत असल्याचे समजून त्याला मार बसण्याचीही भीती असते.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. पालकांनी स्वेच्छेने नोंदणी करून मिळवलेले क्रमांकाचे मनगटी पट्टे, ज्यांवरचा क्रमांक केवळ नियंत्रण कक्षालाच वाचता येईल. रामकुंड परिसर, बसस्थानके आणि नाशिकरोड रेल्वेस्थानकाजवळ मंद प्रकाशाची, ध्वनिक्षेपकापासून दूर असलेली एकेक खोली. बंदोबस्तावरील पोलीस, गृहरक्षक आणि स्वयंसेवकांना द्यायचे दोन तासांचे प्रशिक्षण, ज्यात शहरातल्या विशेष शाळांच्या शिक्षकांना आणि स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांना बोलवावे. आणि घाटाकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्या अशा कुटुंबांची आगाऊ यादी, कारण मार्ग बंद झाल्यावर त्यांचा दिनक्रम महिनोन्महिने मोडणार आहे. हे सर्व सिंहस्थाच्या आराखड्यात आताच लिहिले गेले तर होईल; पर्वणीच्या आदल्या आठवड्यात ते होणार नाही.

शेवटी कायमच्या निवाऱ्याचा प्रश्न उरतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव देऊन वाढवणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांवरील अशा मुलांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी आहे आणि सन्मानापेक्षा ती मागणी मान्य होणे अधिक गरजेचे आहे. नाशिकमध्ये घरकुलसारख्या संस्था जे करतात ते मोलाचे आहे, पण साऱ्या जिल्ह्याचा भार दोन-चार संस्थांच्या देणगीपेटीवर ठेवणे न्याय्य नाही. राष्ट्रीय न्यासाकडे समर्थ आणि घरौंदा या निवासी योजना आहेत. जमिनीच्या वाटपात दिव्यांगांसाठी पाच टक्के आरक्षण २०१६ च्या अधिनियमाच्या ३७व्या कलमात आहे. शासकीय जागेवर, वस्तीच्या आत, आठ-दहा जणांची छोटी घरे उभी राहावीत, त्यांची तपासणी स्थानिक स्तर समितीने करावी आणि हयात पालकांना आपल्या मुलाचे भावी घर स्वतः पाहून निवडता यावे. गावाबाहेरची मोठी वसतिगृहे बांधू नयेत. दुरून नीटनेटक्या दिसणाऱ्या आणि आत कोणी न फिरकणाऱ्या जागी काय घडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. स्थानिक स्तर समितीची पुढील बैठक कोणत्या तारखेला, कोठे होणार आणि अर्ज कोणत्या खिडकीवर स्वीकारले जाणार, हे नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या महिन्याभरात पंधराही तहसील कार्यालयांच्या फलकांवर मराठीत लावावे, आणि सिंहस्थाच्या नियोजनाच्या पुढच्या बैठकीला विशेष मुलांच्या पालकांच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे, ही नम्र विनंती.